रंग नाही, वास नाही, चव नाही

पुणे, सिंहगड रस्ता
१३ मार्च २०१६

चि. गुलजार,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र का, असं विचारू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या सोयीनं ऐकते. शिवाय तुझं शुद्धलेखन तपासायची सवय शाळा सुटली तरी सुटलेली नाही. तेव्हा उत्तरही पत्रानंच दे.

बातमी अशी की आपण जिंकलो. निदान सगळे तसं म्हणताहेत.

तू आमच्या सोसायटीत सांडपाण्याचा प्रकल्प बसवलास तेव्हाची सभा तुला आठवत असेल. आमचे सचिव श्रीनिवास पटवर्धन उठून म्हणाले होते, "जोगळेकरबाई, न्हाणीघरातलं आणि संडासातलं पाणी पुन्हा घरात आणायचं? आमच्याकडे देव आहेत." मी म्हटलं होतं, "देवांना विचारून सांगा, आम्ही थांबतो." तुझं आडनाव ऐकून एका गृहस्थांनी आणखी काही विचारलं होतं. ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगत नाही. तरी आपण यंत्र बसवलंच. तेव्हापासून संडासाच्या टाक्यांना आणि बागेला तेच पाणी जातं, आणि आमची जास्वंद पाहायला लोक शेजारच्या सोसायटीतून येतात.

आता पुण्यात दिवसाआड पाणी. खडकवासल्याच्या वाटेवर राहतो आणि नळ उघडला की आधी हवा येते. टँकरवाले राजे झालेत. अशात श्रीनिवासरावांना साक्षात्कार झाला, की आपल्याकडे स्वतःचं पाणी आहे! जंतू मारायला ओझोन वायू सोडलेलं ते पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून गच्चीवरच्या मोठ्या टाकीत सोडायचं. म्हणजे घरातल्या सगळ्या नळांना, स्वयंपाकघरातल्यासुद्धा.

तुझ्या कंपनीचे दीनानाथ सरपोतदार येऊन गेले. दोन ग्लास मांडले, एकात टँकरचं पाणी, एकात आपलं. कोणतं चांगलं ते ओळखा म्हणाले. सगळ्यांनी आपलंच उचललं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग मी विचारलं, "इतकं चांगलं आहे तर तुम्ही आधीच का नाही सांगितलंत, की हे प्यायला चालतं?" तो माणूस आधी हसला, मग बोलला. मी जन्मभर विज्ञान शिकवलंय. उत्तर येत नसलं की मुलं आधी हसतात.

मी अध्यक्ष आहे, प्रकल्प मीच आणला, आणि तीन वर्षं नाकं मुरडणारे आता माझी पाठ थोपटताहेत. म्हणूनच विचारतेय. यंत्र तू बसवलंस, तेव्हा तूच सांग. हे पाणी प्यायला चालेल का? उत्तर एका शब्दात दिलंस तरी चालेल, पण कारण दे. कारणाशिवाय मार्क नाहीत.

तुझी
आनंदीबाई


नागपूर
२१ मार्च २०१६

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

एका शब्दात उत्तर: नाही.

आता कारण. ओझोन जंतू मारतो, रंग घालवतो, वास घालवतो. सरपोतदार साहेबांनी ग्लासात दाखवलं ते खोटं नव्हतं. पण ओझोन पाण्यातल्या गोष्टी नाहीशा करत नाही. त्यांचं दुसरं काहीतरी करतो. बहुतेक वेळा ते दुसरं निरुपद्रवी असतं. एक गोष्ट मात्र वाईट आहे. पाण्यात ब्रोमाइड नावाचा क्षार असला, तर ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट होतं.

तुम्ही विचाराल, सांडपाण्यात ब्रोमाइड येईल कुठून? बाई, तुमचं बोअरचं पाणी जड आहे म्हणून ते मऊ करायचं यंत्र बसवलंय. ते यंत्र धुवायला मिठाचं पाणी लागतं, आणि धुतल्यावर ते खारं पाणी गटारात जातं. गटारातून ते आपल्या प्रकल्पात येतं. मी तिथं होतो तेव्हा शुद्ध केलेलं मीठच वापरायचं असं सांगून आलो होतो. आता कुठलं येतं ते एकदा खाली जाऊन बघाल का? खडे जाड, ओलसर आणि करडे असतील, तर ते थेट मिठागरातलं आहे. समुद्राच्या मिठात ब्रोमाइड असतं.

ब्रोमेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही; उलट पाणी आटतं आणि ते मागे राहतं. आपल्या प्रकल्पातली कोळशाची गाळणीही त्याला फारशी अडवत नाही. एक ग्लास प्यायल्यानं कुणाला काही होत नाही. पण प्राण्यांना दीर्घकाळ दिलं तर कॅन्सर होतो असं प्रयोगांत दिसलंय. म्हणून जगभर पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा फार खाली ठेवलीय.

तुमच्या पाण्यात ते आहेच असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय म्हणणार नाही, हे तुम्हीच शिकवलंय. पण एवढं लक्षात ठेवा, संडासाला आणि बागेला ते पाणी उत्तम आहे. ते यंत्र बसवल्याचा मला आजही अभिमान वाटतो. सुरी भाजी चिरायला चांगली म्हणून कुणी ती बाळाच्या हातात देत नाही, एवढंच.

नमुना चांगल्या प्रयोगशाळेत पाठवा. मीही आज कंपनीला लिहितोय. सरपोतदार साहेब माझे वरिष्ठ आहेत, मला त्यांनीच घडवलं. ऐकतील असं वाटतं.

अम्मी खडकीला एकटीच आहे. तुमची आठवण काढते.

आपला विद्यार्थी
गुलजार शिकलगार


पुणे
१७ एप्रिल २०१६

चि. गुलजार,

'वरिष्ठ' बरोबर लिहिलंस. बरं वाटलं. बाकी बरं वाटण्यासारखं काही नाही.

मीठ पाहिलं. करडं, ओलसर, गोण्यांच्या तळाशी पाणी साठलेलं. स्वस्त पडतं म्हणून वर्षभर तेच येतंय. नमुना मी स्वतः भरला आणि स्वतः नेऊन दिला. उत्तर आलं: मर्यादेच्या चौपट.

खरी गोष्ट पुढेच आहे. नमुना भरायला बागेच्या नळाशी गेले, तर तिथं मथुराबाई कळशी भरत होती. आमचा वॉचमन संपत, त्याची ती बायको. गेटमागच्या खोलीत राहतात, दोन लहान मुली आहेत. मी म्हटलं, "अगं, हे झाडांचं पाणी आहे." ती म्हणाली, "बाई, पानी लई चांगलं हाय. वास बी येत नाय. दिवाळीपासनं हेच पितोय."

गेल्या दिवाळीपासून, गुलजार. त्यांच्या खोलीचा नळ बंद पडला, त्यांनी सांगितलं, कुणी दुरुस्त केला नाही. आम्ही सगळे टँकर मोजत बसलो होतो आणि आमच्या गेटवरचं माणूस झाडांचं पाणी पीत होतं. मी तिला म्हटलं, हे पिऊ नकोस. तिनं कळशी खाली ठेवली आणि विचारलं, "मग कुठलं पिऊ? तुमच्या नळाचं?"

म्हणून मी रबरी नळी आणली. माझं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची खोली दिसते. पाणी येतं त्या दिवशी माझ्या नळाला नळी लावते आणि खिडकीतून त्यांचं पिंप भरून देते. पटवर्धनांनी मला लेखी कळवलंय, की सोसायटीचं पाणी सदनिकेबाहेर देणं नियमात बसत नाही. मी लेखी उत्तर दिलं: "नियमात बसत नसेल तर उभं राहू द्या."

अहवाल मी त्यांना आधी दाखवला होता. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हे बाहेर गेलं तर गटाराचं पाणी म्हणून ओरडणारे पुन्हा उठतील. टँकरवाले पेढे वाटतील. प्रकल्प तुमचाच बुडेल. तुम्हाला चालेल?"

त्यांचं बरोबर होतं, हेच वाईट. दोन दिवस मी गप्प बसले. पाणी पुन्हा वापरलं पाहिजे, हे मी या लोकांच्या गळी उतरवायला तीन वर्षं घालवली आहेत. आता मीच उठून म्हणायचं, की त्यात विष आहे? ते फक्त 'विष' एवढंच ऐकतील.

तिसऱ्या दिवशी अहवाल नोटीस बोर्डावर लावला. संध्याकाळी कुणीतरी काढला. मी पुन्हा लावला. पुन्हा काढला. आता खळ करून चिकटवलाय, काढायचा तर बोर्डासकट काढावा लागेल.

सरपोतदार परवा आले होते. मी मथुराबाईचं सांगितलं, तर म्हणाले, "बघा ना, वॉचमनचं कुटुंब इतके महिने पितंय. झालंय का काही?" जे आम्हाला लाजेनं खाली बघायला लावणारं होतं, ते त्यांनी पुरावा म्हणून मांडलं.

विशेष सभा १५ मेला आहे. टाकी जोडायचा ठराव येणार. तू ये. तू बसवलेलं यंत्र आहे, तू बोललास तर ऐकतील. गाडीभाडं विचारू नकोस, मी पाठवते.

आनंदीबाई


नागपूर
२५ एप्रिल २०१६

आदरणीय बाई,

पत्र मिळाले. मला १५ मेला पुण्यास येता येणार नाही. क्षमस्व.

कृपया सभेत माझे नाव घेऊ नये. माझ्या मागील पत्राचा उल्लेखही करू नये. ते पत्र आपण कुणास दाखवले असल्यास कळवावे. शक्य असल्यास सभेपर्यंत या विषयावर आणखी काही जाहीर करू नये, अशी नम्र विनंती आहे.

आपण प्रकृतीची काळजी घ्यावी.

आपला
गुलजार


पुणे
३० एप्रिल २०१६

श्री. गुलजार शिकलगार यांस,

आपले पत्र मिळाले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. सरपोतदारांनी तपासून दिले काय?

मार्चमध्ये ज्या मुलानं मला 'नाही' असं लिहिलं, तो मला ओळखीचा होता. हे पत्र लिहिणारा कुणी नोकरदार दिसतो. नोकरी प्रत्येकाला असते, बायकामुलं असतात, हप्ते असतात. मला सगळं कळतं. पण मग तसं लिहायचं होतंस, की बाई, मला भीती वाटते. मी तुला एका अक्षरानं बोलले नसते. भीतीला मी कधीच मार्क कापले नाहीत. तू मला गप्प बसायला सांगतोस, याचे कापले.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. तुझं नाव घेणार नाही. निश्चिंत नोकरी कर.

सभेला मी एकटी पुरेशी आहे.

आनंदी जोगळेकर


खडकी
६ मे २०१६

आनंदीबाईंना नसीमबानूचा आदाब.

मी लिहितेय हे गुलजारला माहीत नाही. माझं मराठी सातवीपर्यंतचं, चुकलं तर समजून घ्या. तुमच्यासारखी मी लाल पेन घेऊन बसत नाही.

तुमचं पत्र त्यानं मला फोनवर वाचून दाखवलं. अर्ध्यात थांबला. पुढचं मी विचारलं नाही.

बाई, त्याला नोकरी नाही. त्यानं मार्चमध्ये कंपनीला लिहिलं, की पुण्याच्या त्या सोसायटीचं पाणी प्यायला जोडू नका, आणि जिथं जिथं असं मीठ वापरतात तिथं सगळीकडे तपासा. आठ दिवसांत राजीनामा मागितला. त्यानं दिला. सून शिवणकाम करते, त्यावर घर चाललंय. मला त्यानं हे महिन्यानं सांगितलं.

तो तुमच्या सभेला का येत नाही ते ऐका. नागपुरात त्याच कंपनीचं यंत्र मुलींच्या एका वसतिगृहात आहे. तिथं ते पाणी आंघोळीला आणि स्वयंपाकाला आधीच जोडलंय. इथं अजून ठराव व्हायचाय, तिथं मुली पीत आहेत. तिथल्या वॉर्डनबाईंना त्यानं विश्वासात घेतलं. त्या नमुने घेऊ देतात, पण कंपनीला कळेपर्यंतच. तुमच्या सभेत त्याचं नाव निघालं असतं तर सरपोतदारांनी दुसऱ्या दिवशी तिथला दरवाजा बंद केला असता.

मी त्याला विचारलं, हे बाईंना का नाही कळवलंस? म्हणाला, "अम्मी, बाईंच्या पोटात काही राहत नाही. त्या सगळं नोटीस बोर्डावर लावतात."

खरं आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

तुम्ही त्याला भित्रा म्हणालात. तो लहानपणी अंधाराला भ्यायचा, पालीला भ्यायचा, तुम्हालाही भ्यायचा. यातलं आता काही राहिलेलं नाही. फक्त तुमचं तेवढं राहिलंय असं दिसतं.

हे वाचून झाल्यावर बोर्डावर लावू नका.

नसीमबानू


पुणे
१७ मे २०१६

चि. गुलजार,

तुझ्या अम्मीचं पत्र आलं. आमच्या सबंध शाळेत मला असं कुणी झापलं नव्हतं. मी खडकीला जाऊन त्यांना भेटून आले. त्यांनी चहा दिला, त्याबरोबर आणखी चार शब्द दिले, आणि निघताना लोणच्याची बरणी. मी चुकले. याहून लांब माफी मला लिहिता येत नाही.

आता सभा. तुझं नाव घेतलं नाही. पोटात राहिलं. अम्मींना सांग.

हॉल गच्च भरला होता. सरपोतदारांनी पुन्हा पाण्याचा जग आणला होता. आधी ठराव वाचला गेला, मग मी अहवाल वाचला, ब्रोमेट म्हणजे काय ते सांगितलं. आठवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं, आणि लोक ऐकतही होते. तेवढ्यात सरपोतदार उठले. जगातून ग्लास भरला, सगळ्यांसमोर गटागटा प्यायले, ग्लास उलटा करून दाखवला. टाळ्या. दुसरा ग्लास भरून माझ्यापुढे धरला. "बाई, घ्या. तुमचाच प्रकल्प आहे."

मी घेतला नाही. मागून कुणीतरी हसलं. "गटाराचं पाणी आम्हाला पाजणार होत्या, आता स्वतः घाबरल्या."

मी म्हटलं, "सरपोतदार, एका ग्लासानं काही होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर हा खेळ करता येतो. रोज प्या, तीस वर्षं प्या, आणि मग या मला दाखवायला. या कामाचा तुमचा करार मात्र तीनच वर्षांचा आहे."

पण श्रीनिवासराव हुशार. ते म्हणाले, "तीस वर्षांचं तीस वर्षांनी बघू. उद्या सकाळी आंघोळ कशानं करायची ते सांगा. आणि वॉचमनचं कुटुंब सहा महिने पितंय, ते ठणठणीत आहे, ही वस्तुस्थिती आहे."

मथुराबाई दारात उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती तिथूनच म्हणाली, "साहेब, आमाला कुनी इचारलं व्हतं का, पिऊन बघताय का म्हनून?"

तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. संपत तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेला, त्याला नोकरीची काळजी. जाताना ती त्याचा हात झटकून ताठ चालत गेली.

मी सांगितलं, की हे पाणी फेकून द्या असं मी म्हणत नाही. मीठ बदला, खारं पाणी गटारात सोडू नका, ओझोन लागेल तेवढाच मारा, आणि ते संडासाला, बागेला, गाड्या धुवायला, लादी पुसायला वापरा. तेवढं बोअरचं चांगलं पाणी वाचेल, ते प्या. कुणी ऐकेना. टँकरला कंटाळलेली माणसं होती, रात्री बादल्या भरून जागणारी. त्यांचा मला राग आला, आणि कीवही आली.

हात वर झाले. ठराव मंजूर झाला. माझ्या बाजूनं नऊ हात. ज्यांनी तुझ्या आडनावाबद्दल विचारलं होतं त्या गृहस्थांचा हात त्या नवांत होता, हे तुला कळवायला हवं. त्यांची नात नुकतीच रांगायला लागलीय.

सरपोतदारांनी तिथल्या तिथं कामाचा आदेश पुढे केला. अध्यक्षाची सही लागते. मी म्हटलं, "करणार नाही."

श्रीनिवासराव म्हणाले, "बाई, बहुमत झालंय. सही हा उपचार आहे."

"मग त्याशिवाय चालवा."

"तुम्ही राजीनामा द्या."

"देणार नाही. मी राजीनामा दिला तर तुमचं काम सोपं होतं. मला काढायचं तर रीतसर काढा, नोटीस द्या, पुन्हा सभा बोलवा, पुन्हा हात वर करा. तोवर तो पाइप जोडला जाणार नाही."

आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा खिडकीतून नळी टाकली आणि संपतचं पिंप भरलं. गॅलरीत उभे राहून सगळे बघत होते. बघू देत.

तुझ्या वसतिगृहाचं काय झालं?

आनंदीबाई


नागपूर
२८ मे २०१६

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमचं मागचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

वसतिगृहाचा निकाल आला. तुमच्याहून वाईट आहे. तिथं ओझोन जास्त मारतात, कारण मुलींच्या पालकांना पाणी काचेसारखं दाखवायचं असतं. पाणी जितकं चमकतं तितकं ब्रोमेट वाढतं. हे मी कुणालाही समजावून सांगू शकलो नसतो, पण वॉर्डनबाईंनी कागद एकदा वाचला, उठल्या, आणि स्वयंपाकघराकडे जाणारा कॉक स्वतःच्या हातानं बंद केला. व्यवस्थापनाला नंतर कळवलं. मी म्हटलं, "मॅडम, परवानगी?" त्या म्हणाल्या, "मुली माझ्याकडे ठेवल्यात, कॉक नाही."

आता लपवायचं काही उरलेलं नाही. माझं नाव तुम्ही खुशाल घ्या. कंपनीची नोटीस आलीय, की मी गोपनीय माहिती बाहेर दिली. मी उत्तर लिहिलंय: पाण्यात काय आहे ते पिणाऱ्यापासून गोपनीय असू शकत नाही. वकील म्हणतात, फार उद्धट झालं. मी तसंच पाठवलं. शिकवण कुणाची ते त्यांना ठाऊक नाही.

बाई, सरपोतदार साहेबांनी मला बोटाला धरून हे काम शिकवलं. त्यांना ब्रोमेट कळत नाही असं नाही. परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "गुलजार, लोकांना पाणी हवंय. तू त्यांना रसायनशास्त्र देतोयस." मी फोन ठेवला, मग बराच वेळ वाईट वाटत राहिलं. त्यांचं वाक्य चुकीचं आहे, पण खोटं नाही. पाणी तर हवंच आहे. म्हणून मी हे यंत्र सोडणार नाही. बसवत राहीन, आणि ते कशासाठी नाही तेही मोठ्यानं सांगत राहीन.

आम्ही जूनच्या सुरुवातीला पुण्याला येतोय, खडकीला अम्मीकडे. तिथं छोटं तपासणीचं काम सुरू करायचा विचार आहे.

तुमच्या सभेची तारीख कळवा. या वेळी मी येणार.

आपला
गुलजार


पुणे
१९ जून २०१६

चि. गुलजार,

तू खडकीत आहेस आणि मी पत्र लिहितेय. परवाच्या सभेनंतर तू मला घरी सोडून गेलास, आणि त्यानंतर जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. लेखी पाहिजे.

सभेत तू बोललास ते चांगलं बोललास. थोडं लांबलं. वसतिगृहाचं सांगितलंस तेव्हा दोन-तीन आया उठून पुढे येऊन बसल्या, ते मी पाहिलं. तरी मला काढलं. काढायला लागतात तेवढे हात वर झाले, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू मला दारात म्हणालास, "बाई, आपण हरलो."

आता ऐक. काल सकाळी श्रीनिवासराव आले. नवे अध्यक्ष. हातात तोच कामाचा आदेश. मी म्हटलं, बसा. बसले. चहा घेतला. खिडकीतून नळी बाहेर गेलेली होती, तिच्याकडे बघितलं नाही.

म्हणाले, "सरपोतदारांचे सभेपासून फोनवर फोन. सही करून टाका म्हणतात."

"मग करा की. बहुमत आहे. उपचार आहे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पेन काढलं, टोपण उघडलं. पुन्हा बंद केलं. म्हणाले, "यात खाली एक ओळ आहे. पाणी पिण्यास योग्य असल्याची खात्री अध्यक्षांनी करून घेतली आहे."

"आहे. मी वाचली होती."

"हात वर करताना कुणी ही वाचली नव्हती."

मी कपबशा उचलल्या.

"बाई, तुम्ही एकदा सांगा ना, फार काही होत नाही म्हणून."

"सांगणार नाही."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. सही केली नाही. दारात चपला घालताना म्हणाले, "दोघा-तिघांना विचारलं, माझ्याऐवजी अध्यक्ष होता का म्हणून. ठरावाला सगळ्यांचे हात आहेत, सहीला कुणाचाच नाही."

आज सकाळी बोर्डावर त्यांच्या सहीची नोटीस आहे. टाकी जोडायचं काम 'तूर्तास स्थगित'. मीठ बदलायचं, खाऱ्या पाण्यासाठी वेगळी टाकी बांधायची. आणि वॉचमनच्या खोलीला मोठ्या टाकीतून नळ द्यायचा. शेवटच्या कलमात 'जोगळेकरबाईंच्या सूचनेनुसार' असं लिहिलेलं नाही, पण अक्षर बघितलं तर ते नंतर घुसवलंय हे कळतं. मथुराबाईला वाचून दाखवलं. म्हणाली, "पानी आल्यावर खरं."

तिचं बरोबर आहे. नळ बसेपर्यंत माझी नळी चालू राहील.

तर तू 'हरलो' म्हणालास, ते बरोबर की चूक ते मला ठरवता येत नाही. माझी खुर्ची गेली. तुझी नोकरी गेली. अर्ध्या सोसायटीशी माझं बोलणं बंद आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांशी आधीपासून नव्हतंच. सरपोतदार दुसऱ्या सोसायटीत जग आणि ग्लास घेऊन जाणार, हेही मला ठाऊक आहे. त्यांचा पत्ता काढून ठेव. ते जिथं जातील तिथं आपण आधी जाऊ.

पुढच्या निवडणुकीला मी पुन्हा उभी राहतेय. अर्ज कालच आणला. बहुधा पडेन. पण उभी राहीन.

आनंदीबाई